मदत हवी आहे: डी-२८ की ८१४सीई? रविवारपर्यंत ठरवायचंय

काजवा
काल दुकानात दोन तास ठिय्या मारून दोन गिटारी वाजवल्या, मार्टिन डी-२८ आणि टेलर ८१४सीई. डी-२८वर नुसता ई मेजर कॉर्ड धरला तरी पोटाला टेकलेला खोका थरथरतो. असं आजवर कुठल्याच गिटारीवर झालं नव्हतं. पण अर्ध्या तासात डाव्या हाताची वाट लागली. टेलर हाताला एकदम हलकी, वर चौदाव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या पडद्यापर्यंत) सुरात, पण आवाज जरा जास्तच धुतलेला वाटला. बजेट विचारू नका, पैसे जमलेत. एकदाच घ्यायची आहे. कोणती घेऊ? "कानाला आवडेल ती घ्या" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

खर्जातला
पिकने वाजवता की बोटांनी? सोबत कुणी गातं का? घरी की स्टेजवर? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

काजवा
सगळंच वाजवतो हो. प्रश्न साधा आहे, दोनातली एक सांगा.

जुनं_लाकूड
डी-२८. डोळे मिटून. मार्टिन १८३३ पासूनची, टेलरचा जन्म १९७४चा. रोझवुडच्या लाकडाचा तो घुमारा टेलरला कुठला यायला?

पडदे_घासणारा
जुनं_लाकूड, दोन्हींना मागे ईस्ट इंडियन रोझवुडच आहे आणि पुढच्या फळीला सिटका स्प्रूसच. फरक खोक्याच्या आकाराचा आणि आतल्या पट्ट्यांचा. डी-२८ ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या खोक्याची, रुंद कमरेची, आत एक्स ब्रेसिंग (पट्ट्या एक्सच्या आकारात). ८१४ची कंबर बारीक आणि २०१८ पासून आत व्ही ब्रेसिंग. त्याने वरचे सूर नीट लागतात असं कंपनी म्हणते. मला विचाराल तर निम्मं श्रेय सॅडल, म्हणजे खोक्यावर तारा टेकतात ती पट्टी, नीट बसवणाऱ्याचं.
काजवा, नट (मानेची वरच्या टोकाची रुंदी) दोन्हींचा पावणेदोन इंच, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.४ आणि २५.५ इंच, म्हणजे हात दुखला तो त्याने नाही. डी-२८वर तारा बाराच्या होत्या की तेराच्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, हजारांश इंचात)? ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, किती होती?

काजवा
दुकानात मोजपट्टी घेऊन कोण जातं?

पडदे_घासणारा
मी जातो. स्टीलची छोटी पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरायची आणि फ्रेटच्या डोक्यापासून सगळ्यात जाड तारेच्या पोटापर्यंत मोजायचं. अडीच मिलिमीटरच्या वर असेल तर हात दुखणारच. त्यात तेराच्या तारा असतील तर बाराच्यापेक्षा एकूण ताण दहाएक किलोने जास्त. तुम्ही गिटारींची तुलना केलीच नाहीत, तारांची केलीत.

चौथी_मात्रा
गिब्सन जे-४५ पाहिलीत का? १९४२ साली आली. मॅहोगनी, आखूड स्केल, हाताला त्रास नाही.

खर्जातला
प्रश्न दोनातला आहे.

चौथी_मात्रा
म्हणूनच तिसरी सुचवली.

सारखा_प्रवासी
रोझवुड घेऊच नका. परदेशी नेताना विमानतळावर अडवतात.

खर्जातला
जुनी गोष्ट. जानेवारी २०१७ मध्ये सगळ्याच रोझवुडवर साइटिसची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) बंधनं आली होती, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून वगळलंय. ब्राझिलियन रोझवुड वेगळं. ते १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्याला कागद लागतातच.

सारखा_प्रवासी
माझ्या मित्राची अडवली होती.

खर्जातला
कोणत्या साली?

सारखा_प्रवासी
२०१८. पण मुद्दा तो नाही.

तीव्र_मध्यम
विमानं बाजूला ठेवा. काजवा, ८१४ला कटअवे (वरचे फ्रेट गाठायला कापलेला खांदा) आणि पिकअप (आवाज स्पीकरला जोडायची सोय) दोन्ही आहेत, साध्या डी-२८ला दोन्ही नाहीत. आणि वाजवणाऱ्याला स्वतःच्या गिटारीचा आवाज कडेवरून ऐकू येतो, समोरचा नाही. मी पहिली गिटार अशीच घेतली. वर्षभराने भावाने वाजवली तेव्हा मी समोर होते, पहिल्यांदा कळलं की ती किती पातळ वाजते. दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला लावा आणि तुम्ही सहा फुटांवर बसा.

काजवा
पिकअप नको, घरीच वाजवतो. पिक वापरत नाही, नखांनीच. बायको गाते, मी साथ करतो. हे लिहायचं राहिलं का?

खर्जातला
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं राव!

जुनं_लाकूड
गाण्याच्या साथीला तर ड्रेडनॉटच.

तीव्र_मध्यम
पिकने ठोकायचं असेल तर. नखांनी हळू वाजवताना ड्रेडनॉटचा खर्ज गाणाऱ्याच्या अंगावर येतो. बाईंना सोबत न्या, त्या गातील तेव्हाच कळेल.

काजवा
आज पट्टी आणि बायको, दोन्ही घेऊन गेलो. पडदे_घासणारा, तुम्ही म्हणालात तेच. डी-२८वर तेराच्या तारा, ॲक्शन तीन मिलिमीटर. टेलरवर बाराच्या, दोन. दुकानदाराने कुरकुरत डी-२८वर बाराच्या चढवल्या, पावणेतीनवर आली.
मग दुकानातल्या मुलाला वाजवायला लावलं. समोरून टेलर अजिबात धुतलेली नाही, चांगली भरदार आहे. बायको खालच्या पट्टीत गायला लागली की डी-२८ तिच्या आवाजावर चढते, बाराच्या तारांवर जरा कमी. टेलर तिला जागा देते. ती म्हणाली, टेलर घे.
डी-२८ घेतली. ती थरथर काही केल्या सुटेना. घरात सध्या टोमणे चालू आहेत.

पडदे_घासणारा
अभिनंदन. अजून पाव मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल अर्धा मिलिमीटर घासावं लागेल, बाराव्या फ्रेटवर निम्माच फरक पडतो. स्वतः घासू नका. गिटार केसमध्येच ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. एका गिऱ्हाइकाने महागडी गिटार हिवाळाभर हीटरशेजारी भिंतीला टांगून ठेवली होती, पुढच्या फळीला ब्रिजपासून (सॅडल बसवलेल्या लाकडापासून) खालपर्यंत चीर. नख जाईल एवढी.

चौथी_मात्रा
जे-४५ निदान वाजवून तरी बघायची होतीत.

तीव्र_मध्यम
म्हणजे ती टेलर आता सुटली ना? दुकानाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच.