पहिला वस्तरा: नवा ५/८ की जुना ६/८? आजच ठरवायचंय

काठावरचा
कार्ट्रिजच्या रेझरला कंटाळलो. खरा वस्तरा घ्यायचाय. दोन पाहून ठेवलेत: एक नवा, ५/८ (पात्याची रुंदी, इंचात), गोल टोकाचा. दुसरा जुना, इंग्लंडमधल्या शेफील्डचा, ६/८, जड आणि फार देखणा. कोणता घेऊ? रात्रीपर्यंत कळवायचंय. व्हिडिओ पाहून डोकं फिरलंय, कृपया लिंका देऊ नका.

गारगोटी
नवा वस्तरा दाढीसाठी धार लावून येतो की कारखान्यातून निघाला तसाच? कारखान्याची धार बऱ्याचदा पुरत नाही, केस ओढले जातात. धार नीट ठेवायला चामड्याचा पट्टा आहे का? दाढी रोज करता की चार दिवसांनी?

पाणचक्की
वस्तरा कशाला, शॅवेट घ्या. अर्धं ब्लेड घालायचं, बोथट झालं की बदलायचं. दगड नको, पट्टा नको. हात बसला की मग खरा घ्या.

गारगोटी
असहमत. शॅवेट हलका असतो आणि ब्लेड ताठ व बोचरं, कोन जरा चुकला की कापतं. वस्तऱ्याचं स्वतःचं वजनच अर्धं काम करतं. शॅवेटने गाल सोलून घेतलेली माणसं पुढे वस्तऱ्याला हात लावत नाहीत.

पाणचक्की
मी शॅवेटवरच शिकलो, आजही तोच वापरतो. दोष पात्याचा नसतो, दाबण्याचा असतो.

काठावरचा
शॅवेट नको, वर लिहिलंय. दाढी चार-पाच दिवसांनी, केस राठ. पट्टा नंतर घेईन. धारेचं विक्रेत्याला विचारतो.

सांजवारा
पट्टा नंतर नाही, वस्तऱ्याबरोबरच! प्रत्येक दाढीआधी लागतो. अडीच-तीन इंच रुंद घ्या, आणि पहिला साधाच घ्या, कारण शिकताना त्याला चिरा पडतातच. पट्टा ताणून धरा. पातं सपाट टेकवा, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोहोचलात की पाठीवरच पलटा. धारेवर पलटलात तर धार मुडते. आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. दाब अजिबात नको.

वेलदोडा
सगळे पात्यावर बोलताय, फेसाकडे कोणाचंच लक्ष नाही. अर्धी दाढी फेसात असते. ब्रश कोमट पाण्यात भिजवा, साबणावर फिरवा, फेस दह्यासारखा घट्ट व्हायला हवा. डब्यातला फोम वस्तऱ्याला चालत नाही.

काठावरचा
साबण, ब्रश आहे. प्रश्न वस्तऱ्याचा आहे.

लोखंडी_सावली
जुन्याच्या धारेचा जवळून फोटो टाका, तोपर्यंत पैसे देऊ नका. जुनं शेफील्ड मलाही मनापासून आवडतं, पण तपासून घ्यावं लागतं. दिव्याखाली धार वर करून सरळ तिच्याकडे बघा. चांगली धार दिसतच नाही. एखादा ठिपका चमकला तर तिथे ती बोथट आहे किंवा तुटली आहे. गंजाचे काळे खड्डे पाठीकडे असतील तर चालतील, धारेलगत असतील तर नको. धार मध्यभागी आत गेली असेल तरी नको. मूठ कशाची आहे? सेल्युलॉइड असेल तर ते सडताना वायू सोडतं आणि पात्यावर गंज चढतो.

गारगोटी
आणि जड म्हणजे वेज असणार, पाचरीसारखं जाड पातं. त्याला दगडावर धार लावणं नवशिक्याचं काम नाही.

लोखंडी_सावली
राठ केसांना वेजइतकं सुख कशात नाही. धार दुसऱ्याकडून लावून घ्यावी.

मोजपट्टी
नवा कुठला आहे? जर्मनीतल्या सोलिंगेन शहराचं नाव पात्यावर आहे की फक्त खोक्यावर? ते नाव १९३८ पासून जर्मन कायद्याने राखलेलं आहे. नुसतं ‘जर्मन स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

काठावरचा
पात्यावर सोलिंगेन आहे. जुन्याची मूठ काळी, कशाची ते माहीत नाही. त्याचा फोटो मागवला, धारेलगत काळे ठिपके आहेत. एक राहिलं, मी डावखुरा आहे. चालेल ना?

सांजवारा
हे आधी सांगायचं! चालेल. दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या असतात. तसाही एका गालाला हात बदलावा लागतो.

गारगोटी
धारेलगत ठिपके म्हणजे शेफील्ड बाद. ५/८ गोल टोकच घ्या. सुमारे १६ मिमी रुंदी, नाकाखाली सहज वळतो. ६/८ फेस जास्त धरतो, पण पहिल्यासाठी गरज नाही. कार्बन स्टील असेल तर पुसून कोरडा करा, तेलाचा हात फिरवा, बाथरूममध्ये ठेवू नका.

काठावरचा
विक्रेत्याचं उत्तर आलं, धार कारखान्याचीच आहे. हजारचा (खरखरीत) आणि आठ हजारचा (बारीक) असे धारेचे दगड मागवू का? स्वतःच लावतो.

गारगोटी
आत्ता नको. जाणकाराकडून एकदा लावून घ्या. चांगली धार गालावर कशी लागते हे माहीत नसताना दगडावर कुठे थांबायचं हे कळणार नाही. पहिल्या दाढ्यांत फक्त गाल करा, पाठ त्वचेपासून थोडीच उचलून, साधारण ३० अंश. हनुवटी कार्ट्रिजने.

पाणचक्की
हनुवटीला शॅवेट. परत सांगतो.

काठावरचा
५/८ सांगितला, पट्टाही. धार कोण लावून देतं ते शोधतोय. कोणी वस्तऱ्याला धार लावून देत असाल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.