संपादकाने फक्त शुद्धलेखन बघायचं? ठाण्याच्या नव्या साप्ताहिकावरून

नौपाडेकर
परवा इथे एकाने लिहिलं की ठाण्यासाठी 'स्वतंत्र आणि निर्भीड' मराठी साप्ताहिक निघतंय, चौघांनी भांडवल उभं केलंय, संपादक पाहिजे. वाचून बरं वाटलं. मग खालची अट वाचली: 'महत्त्वाच्या बातम्यांची निवड गुंतवणूकदारांची समिती करेल, संपादकाने भाषा, मांडणी आणि वेळापत्रक सांभाळावं.' खाली अभिनंदनांचा पाऊस. हे पत्र स्वतंत्र कोणापासून, असं एकानेही विचारलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी ठाण्यातल्या एका साप्ताहिकाचा संपादक होतो. ते बंद पडलं, नाव घेत नाही. आम्ही तिघे मित्र, पैसे मुख्यतः एकाचे. तलावपाळीचा कचरा, गावदेवीचं पार्किंग, स्टेशनबाहेरच्या रिक्षा, यावर लिहीत होतो तोवर सगळं गोडीत चाललं. मग घोडबंदर रोडच्या एका गृहसंकुलाची बातमी हाती लागली. लोक राहायला आलेले, भोगवटा प्रमाणपत्र नाही, पाणी टँकरचं. कागद होते, रहिवासी नावानिशी बोलले होते, बिल्डरचं म्हणणंही घेतलं होतं. पान लावून घरी गेलो. रात्री छापखान्यातून फोन: "साहेब, पहिलं पान बदललंय, माहिती आहे ना?" बातमीच्या जागी शुभेच्छांची जाहिरात. आणि शेवटच्या पानाच्या तळाला, जसं कायद्याने छापावं लागतं तसं, माझं नाव: संपादक, वृत्तनिवडीस जबाबदार.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. निवड दुसऱ्याची आणि जबाबदारी माझी, ही अट कोणत्याही संपादकाने मान्य करू नये. पहिला अंक निघायच्या आधीच हे कागदावर यायला हवं.

वागळेचा छापखाना
मी तुमच्यासारख्यांचे अंक छापतो. वागळे इस्टेटमध्ये साप्ताहिकं जन्मताना पाहिली आणि उधारी मागे ठेवून जातानाही पाहिली. आजवर एकही साप्ताहिक दाबलेल्या बातमीमुळे बंद पडलेलं पाहिलं नाही. सगळी कागदाच्या बिलाने गेली. न्यूजप्रिंटवर 5 टक्के जीएसटी, अंकाच्या विक्रीवर कर नाही, म्हणजे कागदावर भरलेल्या कराचा त्या वाट्याचा परतावाही नाही. छपाईच्या प्लेटचा खर्च 500 प्रती काढा की 5000, तेवढाच. वाचक 5 रुपये देतो तेही तोंड वाकडं करून. उरलेलं कोण भरतं? ज्याला तुम्ही इथे नाव न घेता बदनाम करताय तो मित्र.

तुम्ही राजीनामा देऊन मोकळे झालात. त्याने किती जणांची देणी फेडली असतील, विचारलंत कधी?

टिळक-आगरकरांचं तरी कुठे पटलं? आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी जुळेना, 1887 मध्ये बाहेर पडले, 1888 मध्ये 'सुधारक' काढलं. तुम्हीही स्वतःचं काढा. दुसऱ्याच्या पैशावर स्वतःचा बाणा कशाला?

नौपाडेकर
आगरकरांचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तर 1882 पासून सुरू करा. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीचा खटला झाला तेव्हा 'केसरी'चे आगरकर आणि 'मराठा'चे टिळक दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले, 101 दिवस राहिले. छापण्याचा निर्णय त्यांचा आणि शिक्षाही त्यांनाच. पुढे ते भांडले ते दोन संपादकांसारखे भांडले. या चार गुंतवणूकदारांपैकी कोण कोर्टात उभा राहणार आहे? बातमी ठरवायची त्यांनी आणि समन्स येणार ते 'भाषा आणि मांडणी' बघणाऱ्याला.

मित्राची देणी मला माहीत आहेत. छापखान्याच्या बिलात माझाही वाटा गेला. तो हिशेब इथे मांडणार नाही.

पाचपाखाडीची वकील
कायद्याचं बोलते, कारण अर्धा वाद तिथेच मिटतो. वृत्तपत्रांच्या नोंदणीच्या 1867 च्या कायद्यात संपादकाची व्याख्याच अशी होती: छापल्या जाणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचा ताबा आहे तो. आणि कलम 7 प्रमाणे ज्याचं नाव संपादक म्हणून छापलं, त्यानेच मजकूर निवडला असं कोर्ट धरून चालायचं. तसं नव्हतं हे सिद्ध करणं त्याच्या माथी. 2023 चा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला, नोंदणी ऑनलाइन झाली, पण संपादक म्हणजे मजकुरावर ताबा असलेली व्यक्ती, हा गाभा कायम आहे. फौजदारी अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, साध्या कैदेची शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

तेव्हा ती समितीची अट मान्य करून जो सही करेल, तो कागदोपत्री ज्या अधिकाराची कबुली देतोय तो त्याच्याकडे नसेलच. माझ्याकडे आला तर सही करू नको म्हणेन.

पण नौपाडेकर, दुसरी बाजूही ऐका. शीर्षकाची नोंदणी मालकाच्या नावावर असते. संपादक गेला तरी पत्र मालकाचंच राहतं. तुमच्या अधिकाराला जो काही आधार मिळेल तो करारातूनच. तुमच्याकडे करार होता का?

नौपाडेकर
नव्हता. मैत्री होती. म्हणून तर 'कागदावर' म्हणतोय.

खारेगावकर
वाद चाललाय तो नौपाड्याच्या दोन मित्रांचा. मी खाडीच्या अलीकडून विचारतो: आमची बातमी कोणत्या समितीने निवडली आजवर? कळवा, मुंब्रा, दिवा पेपरात येतं ते चाकू चालला किंवा गाडीतून माणूस पडला की. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लोक लोकलमधून पडून मेले, तेव्हा सगळे कॅमेरे आले. पण त्या गाड्यांना रोज लटकून जाणारी माणसं त्याआधीही होती आणि त्यानंतरही आहेत. दिव्यातल्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षं आमच्या पोरांच्या छातीत गेला, तेव्हा ठाण्याची स्थानिक पत्रं गडकरी रंगायतनातल्या सत्कारांचे फोटो छापत होती. तिथे बिल्डरने फोन करून बातमी थांबवली नव्हती. संपादकाला ती बातमीच वाटली नव्हती.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढलं ते याचसाठी. पैसे भरायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. म्हणजे थोर संपादकाच्या हातात पूर्ण ताबा असला की सगळ्यांना न्याय मिळतो, हे मला सांगू नका.

वागळेचा छापखाना
हे मात्र खरं बोललात. आणि 'मूकनायक'लाही शाहू महाराजांचे अडीच हजार लागले. पैशावाचून काही होत नाही.

खारेगावकर
अडीच हजार दिले म्हणून शाहू महाराज पहिल्या पानावर काय जाईल ते ठरवत बसले नाहीत. माझं वाक्य तुमच्या बाजूला ओढू नका. बाबासाहेब लंडनला गेल्यावर पत्र चालवणाऱ्यांशी जुळलं नाही, ते बंद पडलं, आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढलं तेव्हा ते स्वतः संपादक झाले. धडा घ्यायचाच तर तो घ्या.

कोलशेतवाली
मी फक्त वाचक आहे. नौपाडेकरांच्या त्या संकुलासारख्याच एकात राहते. एक विचारते, राग मानू नका. ती बातमी छापली असती तर पहिला फोन बिल्डरचा आला असता, की रहिवाशांचा? आमच्याकडे एका वाहिनीवर पाण्याची बातमी आली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर लोक तुटून पडले: फ्लॅटचे भाव पाडायला निघालात का? जिने बातमी दिली, ती ताई अजून मीटिंगला येत नाही. तेव्हा दबाव फक्त वरून येतो असं धरून चालू नका.

शिवाय असा अंक निघाला तरी तो माझ्यापर्यंत येणार कसा? आमच्या टॉवरमध्ये पेपर गेटवर टाकतात, खाली जाऊन आणावा लागतो. लोकांनी वैतागून बंद केले.

पेपरलाईन
ताई, गेटवर आम्ही टाकत नाही, तुमची सोसायटी टाकायला लावते. वडिलांपासून आमची पेपर वाटपाची लाईन आहे, माजिवड्यापासून पुढे. पहाटे चार वाजता गठ्ठे घ्यायचे, पुरवण्या भरायच्या, सातच्या आत वाटप संपवायचं. एका टॉवरला तीस मजले. वॉचमन म्हणतो सर्व्हिस लिफ्टनेच जा, ती सकाळी दूधवाला, कामवाल्या बाया आणि कचरा यांच्यात अडकलेली. एका सोसायटीने तर आत यायचे महिन्याचे पैसे मागितले. एप्रिल 2020 मध्ये सरकारने घरोघरी वाटपावर बंदी घातली. ती उठली, पण बऱ्याच सोसायट्यांनी आपली उठवलीच नाही. तेव्हा तुटलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही.

कोलशेतवाली
सुरक्षेचा प्रश्न असतो. रोज नवीन पोरगा येतो, त्याचं ओळखपत्र नसतं. मजल्यावरून चपला गेल्यात आमच्या.

पेपरलाईन
चपला पेपरच्या पोराने नेल्या, हे कोणी बघितलं? कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? माझा पोरगा बारावी करून पहाटे पेपर टाकतो, त्याच पैशात फी भरतो. दहा मिनिटांत सामान आणणारे दिवसभर तुमच्या दारापर्यंत येतात, त्यांना वॉचमन फक्त फ्लॅट नंबर विचारतो. पेपरवाल्याला मात्र ओळखपत्र पाहिजे. हे लिहायला सांगा एखाद्या निर्भीड संपादकाला.

वागळेचा छापखाना
सगळ्या धाग्यात कामाचं हेच एक बोलणं झालं. संपादकाचा अधिकार, मालकाचा अधिकार आणि अंक गेटवर भिजतोय.

कोलशेतवाली
चोर म्हणायचं नव्हतं मला. पण बायका एकट्या असतात घरात, त्यांनी विचारायचंच नाही का?

पेपरलाईन
विचारा ना. ओळखपत्र सोसायटीने करून द्यावं, फोटो आम्ही आणू. इतकी वर्षं हेच मागतोय.

कोलशेतवाली
ठीक आहे. पुढच्या मीटिंगला विषय घेते. मंजूर होईलच असं सांगत नाही.

नौपाडेकर
वाटपाचं पेपरलाईन म्हणतात ते सगळं मान्य. पण ते सोडवलं म्हणून संपादनाचा प्रश्न सुटत नाही. कोलशेतवालींनी जे सांगितलं त्याने तर तो वाढतो: रहिवाशांचा फोन आला तर समिती काय करणार? समितीतल्या चौघांचेही फ्लॅट असतील, नातेवाईक असतील, दुकानं असतील. नकार पचवायला एक माणूस पाहिजे, ज्याला सगळे शिव्या घालतील आणि ज्याला पुढच्या अंकापर्यंत काढता येणार नाही.

आणि आपल्या शहराला याची गरज आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक होता. महासभा नव्हती, नगरसेवकांचे प्रश्न नव्हते. क्लस्टर पुनर्विकासापासून टँकरपर्यंतचे निर्णय बंद खोल्यांत झाले. मोठ्या दैनिकांच्या ठाणे पानाला जागा किती? हे विचारायचं काम स्थानिक पत्राचंच होतं. आणि स्थानिक पत्रं बघत होती जिल्हा माहिती कार्यालयाच्या सरकारी जाहिरातींच्या यादीकडे आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानांकडे.

वागळेचा छापखाना
वाढदिवसाची पानं बंद करा म्हणणं सोपं आहे. त्या एका पानात महिन्याचा कागद येतो.

नौपाडेकर
बंद करा म्हणत नाही. जाहिरात म्हणून छापा, वर 'जाहिरात' लिहा, आणि त्याच नेत्याची बातमी आली तर आतल्या पानावर तीही छापा. पैसे देणाऱ्याने काय ठरवावं, तेही सांगतो: अंकाची किंमत, पानांची संख्या, पगार, जाहिरातीचे दर, आणि वर्षाअखेरी संपादक ठेवायचा की नाही. एवढं त्याचं. अंकातली बातमी त्याची नाही. ब्रिटनमधल्या 'गार्डियन' दैनिकाच्या मालकाने 1936 मध्ये मालकीच विश्वस्तांकडे दिली, पत्राचं स्वातंत्र्य टिकावं म्हणून. आपल्याकडे तेवढं भांडवल नसेल, पण दोन पानांचा करार करायला भांडवल लागत नाही.

पाचपाखाडीची वकील
त्यात दोन कलमं वाढवा. खटला झाला तर वकिलाचा खर्च मालकाचा. आणि छापायला गेलेलं पान संपादकाच्या लेखी संमतीशिवाय बदलायचं नाही, हे छापखान्यालाही कळवलेलं असावं.

वागळेचा छापखाना
मला यात ओढू नका. रात्री दोन वाजता मालक समोर उभा असेल तर मी कोणाचं ऐकू? बिल त्याच्या नावाने जातं.

बरं, लेखी असेल तर ऐकेन. मालकाच्या सहीचा कागद आधी माझ्याकडे द्या, म्हणजे त्यालाच दाखवता येईल. पण वर्षाअखेरीची वाट बघायला कोणीही भांडवलदार तयार होणार नाही, हे लिहून ठेवा. सहा महिने म्हणा.

नौपाडेकर
सहा महिने चालतील. त्या मूळ जाहिरातीवाल्यांना हे सगळं आज पाठवतोय, 'समिती'ची अट काढली तर मी स्वतः अर्ज करेन.

खारेगावकर
मी पण करेन. आणि मला घेतलं तर पहिल्या अंकात दिव्याची बातमी पहिल्या पानावर, नौपाड्याची आत.

नौपाडेकर
बातमी तशी असेल तर.

खारेगावकर
बघा, झालीच सुरुवात!

पेपरलाईन
कोणीही संपादक व्हा. अंक रविवारी काढू नका, त्या दिवशी पुरवण्या भरता भरता हात दुखतात, तुमचा अंक गठ्ठ्यातच राहील. शनिवारी द्या. आणि न खपलेले परत घेणार की नाही ते आधी सांगा.