राणी आली, फुलं वाहिली, पण माफी? (अमृतसर १९९७)

चावडीकर: काल घरी जलियांवाला बागेचा विषय निघाला आणि १९९७ आठवलं. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली म्हणून एलिझाबेथ राणी आलेली. १३ ऑक्टोबरला दिल्लीच्या मेजवानीत, भूतकाळात कठीण प्रसंग घडले, जलियांवाला त्यातलाच, पण इतिहास बदलता येत नाही, अशा अर्थाचं बोलली, दुसऱ्या दिवशी अमृतसरला पुष्पचक्र वाहिलं, झालं. माफी नाहीच. त्यात नवरा! प्रिन्स फिलिप तिथली पाटी वाचून म्हणे हा २००० मृतांचा आकडा फुगवलेला आहे, डायरचा मुलगा नेव्हीत माझ्याबरोबर होता त्याच्याकडून कळलं. अरे मयताला जाऊन मढी मोजतं का कोणी? माफी मागायची नव्हती तर जायचंच कशाला.

साधा_माणूस: फिलिपचं सोडा, त्याचं तोंड तसंच होतं. पण राणीवर कशाला घसरताय? परदेशात ती काय बोलणार हे तिथलं सरकार ठरवायचं, मनाने माफी मागायची सोयच नव्हती तिला. विचारायचं तर तेव्हाचा पंतप्रधान ब्लेअर, त्याला विचारा. आणि आकड्याचा वाद आहेच की, ब्रिटिश सरकारच्या हंटर चौकशी कमिटीने ३७९ धरले, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास.

चावडीकर: असू दे ना वाद, पण तो पाहुण्याने तिथे उभं राहून उकरायचा का?

खमंग_काकडी: विली ब्रांट बघा की. १९७० ला वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे जर्मनीचा चॅन्सेलर सरळ गुडघ्यावर बसला, आणि हा माणूस स्वतः नाझींच्या राज्यात देश सोडून पळालेला, त्याचा काय दोष होता सांगा.

साधा_माणूस: बरोबर, पण तो चॅन्सेलर होता, सत्ता हातात होती. त्याच दिवशी पोलंडची पश्चिम सीमा मान्य करणाऱ्या करारावर सही पण केली त्याने, नुसते गुडघे नाही टेकले. उलट आपल्याकडे २०१३ ला कॅमेरून आला, तो तर पंतप्रधान, बागेतल्या वहीत 'अत्यंत लाजिरवाणी घटना' असं लिहिलं आणि माफी न मागता गेला. राग काढायचा तर तिथे काढा.

खमंग_काकडी: हे पटलं. तरी राणीबाई १९६१ ला आल्या, १९८३ ला आल्या, बागेत पाय ठेवला तो १९९७ ला. ३६ वर्षं हो!

चावडीकर: आणि आल्यावर नवऱ्याला गप्प बसवता आलं नाही 😄