सर्व्हिसिंगनंतर मोटरसायकलचं साइड पॅनल आणि फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) पक्कं बसत नाही, बोल्ट सैल होतात. नेमकं काय तपासावं?

निळा_स्पॅनर:

एअर फिल्टर, बॅटरी आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्ससाठी दोन्ही साइड पॅनल आणि खालचं फेअरिंग काढलं होतं. परत बसवल्यापासून चार तक्रारी आहेत.

डावं साइड पॅनल वरच्या बाजूने नीट बसतं, पण खालची खुंटी रबरात टिकत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की बाहेर येते. फेअरिंगचा पुढचा ६ मिमीचा बोल्ट शे-दीडशे किलोमीटरमध्ये सैल होतो. मागचा एक बोल्ट नुसता गोल फिरतो, आवळतही नाही आणि सुटतही नाही. चौथं म्हणजे ४००० आरपीएमच्या आसपास फेअरिंग झणझणतं, त्याच्या वर गेलं की आवाज थांबतो.

सगळ्या बोल्टना निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून टाकलं तर चालेल का? आणि प्लॅस्टिकवर किती आवळायचं?

दहाचा_पाना:

थ्रेडलॉक सगळीकडे लावू नका. कारण शेवटी सांगतो, आधी सैल होणारा बोल्ट बघू, कारण बाकीच्या तक्रारींचं मूळही बहुतेक तिथेच आहे.

पॅनल बोल्टच्या ताकदीवर उभं नसतं. त्याला धरतात त्या कडेच्या जिभा, खाचा, खुंट्या आणि रबरं. बोल्टचं काम एवढंच की जीभ खाचेतून मागे सरकू नये. त्यामुळे सैल वाटलं की आणखी आवळायचं, हा उपाय इथे उलटा पडतो.

तुमचा बोल्ट काढा आणि त्याच्या भोकातलं रबर बघा. रबराच्या आत धातूची छोटी नळी असायला हवी, तिला कॉलर म्हणतात. काही गाड्यांत ती सुटी असते, काहींत बोल्टलाच खांदा दिलेला असतो. बोल्ट आवळला की डोकं कॉलरवर टेकतं आणि कॉलर ब्रॅकेटवर. म्हणजे सगळा ताण धातूवरून धातूवर जातो, आणि पॅनल मात्र रबरात किंचित तरंगत राहतं. कॉलर प्लॅस्टिकच्या जाडीपेक्षा लांब आणि मोकळ्या रबरापेक्षा थोडीशी आखूड असते, म्हणून रबर जेमतेम दबतं.

पॅनल काढताना ही कॉलर टपकन खाली पडते आणि कळतही नाही. ती नसेल तर बोल्टचं डोकं थेट रबर किंवा प्लॅस्टिक दाबतं. रबर हळूहळू बसतं, बोल्टमधला ताण जातो, थरथरीने आटे उलटे फिरायला लागतात. मग माणूस पुन्हा आवळतो, रबर आणखी चेपतं, आणि शेवटी भोकाभोवती पांढरट रेषा दिसायला लागतात. ती पांढरट रेष म्हणजे तडा जायची पूर्वसूचना.

कॉलर हरवली असेल तर त्याच मापाची आणा. मिळाली नाही तर ६ मिमीचा बोल्ट सहज जाईल अशी धातूची नळी रबराच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी कमी कापा आणि दोन्ही तोंडं कानशीने सपाट करा. नुसता मोठा वॉशर टाकून भागत नाही. त्याने दाब पसरतो, पण रबर चेपायचं थांबत नाही.

आता आवळायचं किती. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. नसेल तर कॉलर आणि स्टीलचा नट असलेल्या ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर आणि ५ मिमीच्या बोल्टला ५ हे नेहमीचे आकडे धरा, त्याच्या वर जाऊ नका. जिथे कॉलर नाही आणि बोल्ट सरळ प्लॅस्टिकवर बसतो, तिथे टॉर्क पाना ठेवून द्या. स्क्रूड्रायव्हरची मूठ तीन बोटांत धरा, डोकं टेकलं की पाव फेरा, पुरे.

भोकं बोल्टपेक्षा मोठी का असतात हेही लक्षात घ्या. एबीएस प्लॅस्टिक उन्हात स्टीलच्या कितीतरी पट जास्त फुगतं. अर्धा मीटर लांबीच्या पॅनलला तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर फ्रेमच्या तुलनेत ते एक मिमीच्या आसपास लांब होतं. त्याला सरकायला जागा हवी. करकचून आवळलेलं पॅनल तिथेच फाटतं.

थ्रेडलॉकचं म्हणाल तर ते धातूच्या आट्यांत, हवा नसताना घट्ट होतं. प्लॅस्टिकवर ओघळलं तर घट्टही होत नाही आणि एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतं, तेही बरेचदा काही दिवसांनी. विंडशील्डच्या बोल्टला तर ते कधीच लावू नका. स्टीलच्या नटात जाणारा बोल्ट कॉलर असूनही सुटत असेल, तर बोल्ट बाहेर काढून पुसा, टोकाच्या दोन-तीन आट्यांवर एक थेंब लावा, जास्तीचं पुसा आणि मग बसवा. ब्रेक क्लीनर पॅनलच्या जवळ फवारू नका, तोही प्लॅस्टिक खातो.

रबर_बुश:

खालच्या खुंटीबद्दल लिहितो.

खुंटीचं टोक गोळ्यासारखं फुगीर असतं आणि त्याच्या मागे मान बारीक असते. रबराची आतली कड त्या मानेत बसते. पॅनल घर्षणावर टिकत नाही, त्या फुगीर टोकावर टिकतं. म्हणून आधी खुंटीचं टोक बोटाने चाचपा. पॅनल वाकडं ओढून काढलं असेल तर टोकाची कड झिजलेली किंवा एका बाजूने उडालेली सापडेल. मग रबर काढून चिमटीत दाबा. चांगलं रबर लगेच मूळ आकाराला येतं. जुनं रबर टणक असतं, नखाने दाबलं तर बारीक भेगा उघडतात. तसं असेल तर बदला, दुसरा उपाय नाही.

एक चूक फार होते. रबर फ्रेमच्या ब्रॅकेटमध्ये खोबणीवर बसलेलं नसतं, एका बाजूने भोकाच्या मागे ढकललं गेलेलं असतं. पुढून बघितलं तर ठीक दिसतं. मागून बोट फिरवा, पत्र्याची कड पूर्ण गोलाकार खोबणीत आहे ना बघा.

बसवताना रबराला साबणाचं पाणी लावा. ते वाळलं की रबराची पकड परत येते. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, ते बऱ्याच रबरांना फुगवून मऊ करतं. चेनचा स्प्रे उडून खालच्या रबरावर बसतो, तोही पुसत जा.

खुंटी थोडीच झिजली असेल तर तिच्यावर हीट श्रिंक ट्यूबचा एक थर चढवा आणि जपून तापवा. प्लॅस्टिक वितळेल इतकं जवळ नेऊ नका. हा उपाय चांगला टिकतो. इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, उन्हात तिचा गोंद सुटतो आणि पुढच्या वेळी सगळं चिकट होऊन बसतं.

पुढच्या वेळी काढताना पॅनलचं टोक धरून खेचू नका. तळहात खुंटीच्या शक्य तितका जवळ सरकवा आणि रबराच्या सरळ रेषेत बाहेर ओढा. एक खुंटी सुटली की पुढची. टोक धरून ओढलं की पॅनल तरफेसारखं वागतं आणि खुंटी मुळातून मोडते.

दहाचा_पाना:

साबणाच्या पाण्याबद्दल अर्धा सहमत. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर लावला तर रबरही खराब होत नाही आणि वर्षभराने पॅनल काढताना खुंटी अडकून मोडत नाही. पॅनल फुगीर टोकावरच टिकतं हे तुम्हीच लिहिलंय, मग निसरडं झालं तरी बिघडायला नको.

रबर_बुश:

खुंटी आणि रबर दोन्ही धडधाकट असतील तर सिलिकॉन ग्रीसला हरकत नाही. इथे खुंटी आधीच बाहेर येतेय. झिजलेल्या टोकाला थोडंफार घर्षणच सावरत असतं, ते काढून घेऊ नका. रबर नवं घातल्यावर खुशाल लावा.

क्लिपवाला:

गोल फिरणारा बोल्ट. त्याच्या मागे तीनपैकी काहीतरी एक असणार, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पत्र्याची यू-क्लिप असेल तर ती पॅनलच्या कडेवरून सरकली आहे किंवा तिचा आटा उघडला आहे. मागून पक्कडीने क्लिप धरा आणि बोल्ट सोडवा. नवी घालताना नटाची बाजू आतल्या अंगाला यायला हवी आणि क्लिपचं भोक पॅनलच्या भोकाच्या बरोबर मध्ये. पॅनल फ्रेमला लावायच्या आधी एकदा नुसता बोल्ट हाताने फिरवून बघा. तिरका धरला की या क्लिपचा आटा एका फेऱ्यात जातो.

रबरी नट असेल, म्हणजे रबराच्या आत पितळी नट, तर तो आवळल्यावर मागे फुगून पकड घेतो. जुना झाला की पितळ रबरापासून सुटतं आणि आत फिरतं. बाहेरून रबराची कड दाबून धरा किंवा पॅनलच्या मागे चपटा स्क्रूड्रायव्हर सरकवून बोल्टवर ताण ठेवत उलटं फिरवा. ताण असला की आटे सुटतात. त्यानंतर तो नट टाकूनच द्यायचा.

प्लॅस्टिकमध्ये वितळवून बसवलेला पितळी इन्सर्ट असेल तर जबरदस्ती करू नका, भोक मोठं होतं. सुटला की इन्सर्टची बाहेरची बाजू आणि भोक खरवडा, दोन भागांचं इपॉक्सी अगदी थोडं लावून बसवा. आटे बंद होऊ नयेत म्हणून आत मेण लावलेला बोल्ट ठेवा. २४ तास हात लावू नका.

आणि प्लॅस्टिकच्या पुश पिना. काढताना मधली पिन आत दाबायची असते, साधारण दोन-तीन मिमी, टक् आवाज आला की थांबा. आरपार ढकलली तर ती आत पडते आणि फेअरिंगमध्ये खुळखुळत राहते. परत लावायच्या आधी मधली पिन मागून ढकलून वर काढा, पाय मिटू द्या, भोकात घाला आणि मग पिन सपाट होईपर्यंत दाबा. पिन वर न काढताच घुसवली की पाय उघडत नाहीत, दिसायला बसलेली असते आणि पहिल्या खड्ड्यात गळते. पाय पांढरे पडले असतील तर नवी वापरा. भोकाचं माप घेऊन आणा, ६ मिमीची पिन ८ मिमीच्या भोकात कधीच धरणार नाही.

निळा_स्पॅनर:

तपासलं. पुढच्या बोल्टच्या रबरात कॉलर नव्हतीच, ती बेली पॅनच्या (इंजिनखालच्या फेअरिंगच्या) आत सापडली. मागे यू-क्लिप आहे, आटा उघडलाय. खालचं रबर टणक झालंय, नवं घालतो. एक अडचण राहिली: दोन बोल्ट दिसायला सारखे आहेत पण एक दुसऱ्यापेक्षा ५ मिमी लांब. कुठला कुठे, लक्षात नाही.

दहाचा_पाना:

अंदाजाने लावू नका. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर त्याचं टोक मागच्या वायरिंगला किंवा रेडिएटरच्या होजला घासू शकतं. आखूड बोल्ट दोन आट्यांवर लटकतो आणि तेच आटे घेऊन निघतो.

दोन्ही भोकांत आखूड बोल्ट हाताने फिरवून बघा. आटा पकडल्यापासून डोकं टेकेपर्यंत फेरे मोजा. ६ मिमीच्या बोल्टचा आटा साधारण १ मिमीचा असतो, आणि स्टीलच्या नटात किमान बोल्टच्या जाडीइतकी पकड हवी. म्हणजे सहा फेरे. ज्या भोकात तीन-चारच फेरे मिळतात तिथे लांब बोल्ट. यू-क्लिपला हा हिशेब लागू नाही, तिथे बोल्टचं टोक क्लिपच्या बाहेर दोन-तीन आटे दिसलं की झालं. लांब बोल्ट लावल्यावर मागे टॉर्च मारून टोकासमोर काय आहे ते बघाच.

यापुढे पुठ्ठ्यावर पॅनलचा आकार काढा, त्या त्या जागी भोक पाडून बोल्ट, कॉलर आणि वॉशर एकत्र खोचून ठेवा.

रबर_बुश:

झणझणीबद्दल. कॉलर आणि रबर बदलल्यावर ती निम्मी जाईल. उरली तर गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत चालू करा. दुसऱ्याला थ्रॉटल ४००० वर धरायला सांगा आणि तळहाताने फेअरिंग एकेका जागी हलकं दाबा. चेन, मागचं चाक आणि सायलेन्सरपासून हात लांब. जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो, तिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला किंवा ब्रॅकेटला लागतंय. त्या कडेला कापडी हार्नेस टेप लावा, मोठी फट असेल तर ३ मिमीची फोम टेप. जिभेच्या खाचेत फोम कोंबू नका, जीभ पूर्ण आत जात नाही आणि सगळा भार बोल्टवर येतो.

बसवायचा क्रम: आधी इंडिकेटरचे कनेक्टर जोडा, मग जिभा खाचेत, मग खुंट्या, मग सगळे बोल्ट हाताने तीन-चार फेरे. सगळी भोकं जुळल्यावरच मधून कडेकडे आवळत जा. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला की शेवटचं भोक हमखास चुकतं आणि माणूस पॅनल ओढून जुळवतो. ते ओढलेलं पॅनल कायम ताणात राहतं.

क्लिपवाला:

शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, थ्रॉटल केबल किंवा वायरिंग फेअरिंगखाली चिमटलेली नाही ना. चिमटली असेल तर इंजिन चालू असताना हँडल वळवलं की आरपीएम किंवा हेडलाइट बदलतो. सायलेन्सरच्या बाजूच्या पॅनलच्या आतली चंदेरी उष्णतारोधक पट्टी सुटली असेल तर तीही आत्ताच चिकटवा. आणि १०० किलोमीटरनंतर थंड गाडीवर सगळे बोल्ट एकदा तपासा, फक्त तपासा, जो हातात फिरतो तेवढाच आवळा.