सोनोग्राफीत किडनीला सूज, क्रिएटिनिन मात्र नॉर्मल. मग डीटीपीए स्कॅन कशासाठी?

प्रश्न
मुलगा चार वर्षांचा आहे. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीला सूज निघाली. आतली पिशवी २२ मिमी फुगलीय. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी रक्तात बघतात ते) ०.४. तरी डॉक्टरांनी डीटीपीए सांगितलाय. किरणोत्सारी औषध शिरेतून देणार हे ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. सूज दिसली, रक्त चांगलं आहे, मग आणखी काय बघायचं राहिलं?

प्रतिसाद १
ताई, मी अकरा वर्षं गॅमा कॅमेऱ्यावर, म्हणजे हा स्कॅन काढणाऱ्या यंत्रावर, काम करते. एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. एक किडनी थकली तरी दुसरी तिचं ओझं ओढते आणि रक्तात काही कळत नाही. सोनोग्राफीत पाणी साचलेलं दिसतं, पण ते अडलंय की नुसतं सावकाश उतरतंय हे त्यात कळत नाही. डीटीपीए त्यासाठीच.

टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध किडनी गाळते आणि कॅमेरा सलग चित्रं घेत राहतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कोणती किडनी किती टक्के काम करते ते निघतं. दोन्ही ४५ ते ५५ च्या दरम्यान असल्या की बरं. मग लघवी वाढवायला लॅसिक्स. किडनीत किती औषध आहे याचा आलेख निघतो. निरोगी किडनीचा टेकडीसारखा चढतो आणि उतरतो, अडलेलीचा चढतच राहतो. लॅसिक्सनंतर निम्मं औषध १० मिनिटांच्या आत उतरलं तर वाट मोकळी, २० च्या पुढे गेलं तर अडथळ्याची शंका. मधल्या आकड्यांवर घाईने निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. दुखणं म्हणाल तर सुई टोचते तेवढंच.

प्रतिसाद २
आमच्या मुलीच्या वेळचं सांगतो. लघवी तुंबलेली असतानाच स्कॅन झाला. आलेख उतरेचना, लगेच ऑपरेशनची भाषा सुरू झाली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तिला लघवी करायला लावून, थोडा वेळ उभं ठेवून पुन्हा चित्र घ्यायला लावलं, तर किडनी बरीच रिकामी झालेली! 'लघवीनंतरचं चित्र घेणार ना?' हे आधीच विचारून ठेवा. आणि हलू नये म्हणून गोष्ट सांगायला तुम्ही शेजारी बसा. मी तिचा अंगठा धरून अर्धा तास बसलो होतो.

प्रश्नकर्ती
खूप धीर आला. डीएमएसए म्हणतात तो हाच का?

प्रतिसाद १
नाही. डीएमएसए किडनीच्या सालीत चिकटून बसतं. दोन-तीन तासांनी चित्र घेतात, त्यात जंतुसंसर्गाने पडलेले व्रण दिसतात. तुमच्या मुलाला संसर्ग झालेला नसेल तर आधी डीटीपीएच. येताना त्याला भरपूर पाणी पाजा. आणि तुम्ही गरोदर असाल तर त्या दिवशी सोबत दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या.