इम्प्रोव्हायझेशनमधून (त्या क्षणी सुचेल त्या हालचालींतून) नाच बसवायचा कसा? मुली मोकळ्या असतात तेव्हा जिवंत, सेट केलं की सगळं मरतं

पऱ्हाटी (चोपडा)

नमस्कार मंडळी. मी चोपड्यात डान्स क्लास घेते, सात मुली आहेत, सोळा ते वीस वयाच्या. मी आधी कथक शिकले, मग पुण्यात दोन वर्षं कंटेम्पररी केलं, लग्नानंतर परत इकडे आले. डिसेंबरात गावात कार्यक्रम आहे, त्यात आठ मिनिटांचा तुकडा करायचाय. विषय कापूस वेचणी. सातातल्या पाच जणींच्या घरी कापूस आहे, दिवाळीच्या सुट्टीत त्या आईसोबत वेचणीला जातात, म्हणजे हा विषय त्यांच्या हातात आहे, मला कुठून आणायची गरज नाही.

स्टेप्स मी ठरवून द्यायच्या नाहीत, त्यांच्यातूनच काढायच्या असं मी ठरवलंय. पण होतं काय, मी गाणं लावते आणि म्हणते मनाला येईल तसं करा. पहिली दोन मिनिटं सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. मग एक सुरू होते आणि तिच्यामागून सगळ्यांचं टीव्हीवरच्या शोमधलंच निघतं, हात छातीवर, मग आभाळाकडे, मग गुडघ्यावर धपकन. पोरी मनापासून करतात, पण त्यात त्यांचं काहीच नाही.

मागच्या आठवड्यात लाईट गेली, गाणं बंद पडलं. अंधारात एक मुलगी कोपऱ्यात मैत्रिणीला बोंड कसं टोचतं ते दाखवत होती. डावं बोट टोचलं, हात दचकून मागे आला, बोट तोंडात गेलं, पण उजवा हात थांबलाच नाही, तो वेचतच राहिला. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं हाच आपला नाच. दुसऱ्या दिवशी तेच आठ काउंटमध्ये (एक ते आठ मोजत) बसवलं, सातही जणींना एकदम, आणि काहीच उरलं नाही. सगळ्या बरोबर करत होत्या आणि बघवत नव्हतं.

माझं नेमकं कुठे चुकतंय? आणि गोठू न देता सेट करायचं तरी कसं? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पांझराकाठ

ताई, मी मूळची धुळ्याची, बारा वर्षं पुण्यात नाचतेय. तुम्ही जे लिहिलंय ते मी स्वतः करून पस्तावलेय म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे "मनाला येईल तसं करा" ही सगळ्यात अवघड सूचना आहे. शरीराला काही सुचलं नाही की ते सवयीचं करतं, आणि पोरींची सवय टीव्हीची. काम द्यावं लागतं, तेही लहान आणि चिमटीत पकडता येईल असं. "दुःख दाखवा" हे काम नाही. "डावा कोपर जमिनीकडे ओढला जातोय आणि डोकं त्याला विरोध करतंय" हे काम.

आता तुमच्या त्या मुलीचं बघा. तिला काही सुंदर सुचलं नव्हतं, तिच्यापुढे एक काम होतं, एक हात दुखला तरी दुसऱ्याने थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचा आकार घेतलात आणि ते काम सोडून दिलंत. पाचव्या काउंटला बोट टोचणार हे आधीच माहिती असेल तर हात दचकणार कसा? सातही जणी दचकल्याचा अभिनय करत होत्या, म्हणून बघवलं नाही.

तर हालचाल पाठ करून घेऊ नका, सूचना पाठ करून घ्या. सातही जणींना सांगा की दोन्ही हात वेचतायत, बोट कधीही टोचू शकतं, दुसरा हात थांबता कामा नये, टोचणं तीनदाच येईल आणि तिसऱ्यांदाच बोट तोंडात जाईल. कुठल्या काउंटला ते प्रत्येकीचं तिने ठरवायचं, तेही त्या क्षणी. हे सेटच झालं की! सुरुवात ठरली, शेवट ठरला, किती वेळा ते ठरलं, फक्त कधी ते मोकळं ठेवलं. एकीला टोचलं की शेजारचीला ते कळतं आणि तिचे हात आपोआप जपून चालायला लागतात, असलं काही तुम्ही काउंट देऊन बसवूच शकणार नाही.

हातातल्या हालचाली वाढवायला दोन गोष्टी. ट्रिशा ब्राउन या अमेरिकन कोरिओग्राफरने १९७१ मध्ये ॲक्युम्युलेशन नावाचा नाच केला. एका जागी उभं राहून एक हालचाल, ती परत परत, मग पहिली आणि दुसरी, मग पहिली दुसरी तिसरी, अशी रास वाढत जाते. तुमच्या मुलींना प्रत्येकीला वेचणीतली एकच हालचाल आणायला सांगा, ओटी बांधणं, पदर डोक्यावर घेणं, पाठ सरळ करणं, बोंडातून कापूस ओढणं, आणि सात जणींच्या सातची अशी रास करा. दहा मिनिटांत हातात काहीतरी येतं, आणि मुली लाजत नाहीत, कारण एका वेळी एकच गोष्ट करायचीय.

दुसरं, लाबान यांचे शब्द. हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचाल वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह अशा चार अंगांनी तपासली आणि त्यातल्या पहिल्या तिनांतून आठ मूळ क्रिया काढल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर दाबणं, पिळणं, झटकणं, फटका मारणं, ठोसा देणं, हलकेच टिपणं, सरकणं, तरंगणं. सगळी घरातलीच क्रियापदं आहेत, धुणं पिळतो तेच पिळणं. कापूस ओढायची एकच हालचाल आठही तऱ्हांनी करून बघा. कापूस झटकून ओढला तर राग दिसतो, तरंगत ओढला तर आठवण दिसते, आणि चेहऱ्यावर काही आणावंच लागत नाही.

एक पक्कं करा, रोज मोबाईलवर शूट करा. जे सापडलं ते दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. रात्री बघून त्यातले फक्त वीस सेकंद निवडा, बाकीचं निर्दयपणे सोडा.

रंगकर्मी_जळगाव

पांझराकाठ ताईंचं जवळपास सगळं पटलं, फक्त मोबाईलचं नाही. मी जळगावात कॉलेजच्या मुलांसोबत नाटक करतो, अनुभव असा की मोबाईल उभा केला की मुलं मोबाईलसाठी करायला लागतात, आणि ताई, तुमच्या मुलींना तर टीव्हीचीच सवय मोडायचीय. तुमची ती सुंदर गोष्ट अंधारात झाली हे विसरू नका, कुणी बघत नव्हतं म्हणून झाली. मी एकाला वही देऊन बसवतो. त्याने जे बघितलं ते एका ओळीत लिहायचं, "टाच उचलली आणि विसरली" असं. दुसऱ्या दिवशी ती ओळ भलत्यालाच द्यायची, मूळ करणाऱ्याला नाही, आणि त्यातून जे निघतं ते मूळच्याहून वेगळं असतं पण खोटं नसतं.

दुसरं गाण्याचं. गाणं बंद करा. पहिले तीन आठवडे गाणं नकोच. गाणं भावना आधीच सांगून टाकतं, मग शरीराला करायला काही उरत नाही. अमेरिकन कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम तर नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करून एकत्र आणायचे. कुठली हालचाल कुठल्या क्रमाने येणार हेसुद्धा ते बऱ्याचदा नाणं उडवून ठरवत, १९५० च्या सुमारास त्यांनी हे सुरू केलं. तुम्हीही करून बघा, सात चिठ्ठ्या, सात हालचाली, चिठ्ठी निघेल तो क्रम. आपल्या डोक्याला नेहमीचाच क्रम सुचतो, आधी काम, मग थकवा, मग रडणं. चिठ्ठीने थकवा आधी आला आणि वेचणी नंतर, तर बघणाऱ्याला स्वतःला जोडावं लागतं.

आणि मुलींना प्रश्न विचारा. कोरिओग्राफर पिना बाउश जर्मनीत वुपरटालला हेच करायच्या, नर्तकांना प्रश्न द्यायच्या, ते हालचालीतून नाहीतर बोलून उत्तर द्यायचे, आणि त्या ढिगातून थोडंसंच शेवटी नाचात यायचं. "कष्ट म्हणजे काय" असला प्रश्न नको. "आईने वेचता वेचता कधी मान वर केली, कशासाठी?" असा विचारा.

तोरणमाळ_वाट

मी धडगावकडची. मला व्यायामाचे प्रकार फार माहीत नाहीत पण एक सांगते. आमच्याकडे सातपुड्यात होळीला रात्रभर नाचतात. काठी गावची राजवाडी होळी लोकांना माहिती आहे, ती पहाटे पेटते, तोपर्यंत ढोल चालू. कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि ज्यांनी पाळणी (होळीचं व्रत) धरलीय ते आधीचे कितीतरी दिवस नेम पाळून आलेले असतात. पावलं तशी साधीच, तीच तीच. पण संध्याकाळी ती जशी पडतात तशी पहाटे पडत नाहीत. अंग थकतं, खांदे सुटतात, आणि त्याच पावलात दुसरंच काहीतरी येतं, ते कुणी ठरवलेलं नसतं.

तर ताई, मुलींना वेचणीची एकच हालचाल वीस मिनिटं न थांबता करायला लावा. पहिली पाच मिनिटं नाटक होईल, मग कंटाळा येईल, कंटाळा येऊ द्या, त्याच्या पलीकडे खरं सुरू होतं.

फक्त एक विनंती, नाच सजवायला म्हणून आमचे टोप आणि भोपळे घेऊ नका. मागे एका स्पर्धेत बघितलं, वाईट वाटलं. पाळणी न धरता तो वेष आमच्यात कुणी घालत नाही.

बोरीकाठ_पारोळा

वीस मिनिटं वाकून करायला लावणार असाल तर कमरेचं बघा आधी! कंबर वाकवून नाही, गुडघे सैल सोडून खुब्यातून वाकायचं, आणि दर पाच मिनिटांनी सरळ व्हायचं, ते सरळ होणंही नाचाचाच भाग करा. जमीन कसली आहे? पुण्यातल्या स्टुडिओत लाकडी फ्लोअर असतो, खालून लवचिक, आपल्याकडे फरशी नाहीतर कोबा. फरशीवर ते गुडघ्यावर धपकन पडणं पहिलं बंद करा, मी दोन वर्षं गुडघा धरून बसले होते.

पडायचंच असेल तर झोक्यासारखं पडायला शिकवा. मुलींना आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका माहिती आहे ना, वर गेल्यावर एक क्षण काहीच वजन नसतं आणि मग खाली येतो. डोरिस हम्फ्री या अमेरिकन कोरिओग्राफरने सगळं तंत्रच पडणं आणि सावरणं यावर उभं केलं. हात झोक्यासारखा सोडा, मग डोकं, मग पाठ, वरचा तो थांबलेला क्षण सापडला की पुढचं अंग स्वतःच करतं.

पऱ्हाटी (चोपडा)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दहा दिवस करून बघितलं, म्हणून आता सांगते.

तीनदा टोचण्याची सूचना दिली. पहिल्या दिवशी सगळ्या एकमेकींकडे चोरून बघत होत्या, तिसऱ्या दिवशी मी दिवे मंद केले (रंगकर्मी दादा, तुमचं ऐकून मोबाईल बाजूला ठेवला, सगळ्यात लहान मुलीला वही दिली) आणि एका ओळीत उभं केलं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, म्हणजे पुढचीची फक्त पाठ दिसणार. पुढचीला टोचलं की पाठीवरून कळायचं, आणि ते मागे मागे सरकत जायचं. मी कोपऱ्यात बसून रडले.

वीस मिनिटांचा प्रयोगही केला, दर पाच मिनिटांनी सरळ होत. चौदाव्या मिनिटाला एकीने हात खाली सोडले आणि रिकाम्या ओटीत बघत उभी राहिली. वहीत लिहिलंय, "ओटी भरली का बघितलं, नव्हती भरली." नंतर विचारलं तर म्हणाली आई किलोवर वेचते ना, म्हणून सारखी बघते. हे मी सात जन्मात बसवू शकले नसते.

तोरणमाळ ताई, टोपांचं लक्षात ठेवलं. आमच्या अंगावर वेचणीला घालतात तेच असणार, जुना शर्ट साडीवरून, डोक्याला रुमाल.

आता अडलंय ते इथे. माझ्याकडे असे चार तुकडे आहेत आणि चारही चांगले आहेत. ते जोडू कसे? मधे काही घातलं की ते लगेच "डान्स" दिसायला लागतं.

पांझराकाठ

मधे काही घालूच नका ताई. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना बायका काय करतात? चालतात. वळतात, रुमाल नीट करतात, पाणी पितात. तेवढंच ठेवा, साधं चालणं, अभिनय न करता. आणि चार तुकड्यांचा क्रम चिठ्ठीने काढून बघा, रंगकर्मींचं ते मलाही आता करून बघायचंय. मोबाईलचंही मान्य, पण क्रम ठरल्यावर एकदा तरी लांबून शूट करा, नाहीतर डिसेंबरपर्यंत तुम्हीच विसराल.

रिकाम्या ओटीत बघणारी मुलगी मात्र चिठ्ठीत टाकू नका, ती शेवटी. आणि तिला वर बघायला सांगू नका, दिवे जाईपर्यंत ओटीतच बघू दे.