पोरं पुण्याला पळतात की पळवली जातात?

जुळे_सोलापूरकर: काल एका कारखानदाराची पोस्ट वाचली. "सोलापूरच्या पोरांना निष्ठा नाही, दोन हजार जास्त दिसले की पुणं गाठतात." डोकंच फिरलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला मी 6 वर्षं हिशेब लिहिले. शेवटच्या वर्षी पगार 20 तारखेशिवाय नाही. पीएफचे 12 टक्के दर महिन्याला कापलेले, ते आकडे माझ्याच हातचे, पासबुकात मात्र 4 महिने भरणा नाही. विचारलं तर मालक म्हणे, "माझ्यावर विश्वास नाही का?" त्याच महिन्यात दारात नवी गाडी! पेढे आम्हालाच वाटायला लावले. त्याच संध्याकाळी बायोडेटा टाईप केला.

टॉवेलवाला: गाडी हप्त्यावर असते साहेब. सूत रोखीनं घ्यायचं आणि पार्टी पैसे देणार तीन महिन्यांनी. माझ्याकडचे दोघं उचल घेऊन गड्ड्याच्या यात्रेला गेले ते आजतागायत आले नाहीत. त्यांच्या निष्ठेवर कोण लिहिणार?

विडी_घरकुल: उचल दिली तर वसूल करा की. पीएफ कापून न भरणं याला कायदाच विश्वासघात म्हणतो.

पूर्वभाग: हे दुखणं जुनं आहे. आजोबा इथल्या 'जुनी मिल' या कापड गिरणीत होते. 1949 च्या ऑगस्टात मिलला कुलूप लागलं, 1950 ला सरकारनं आधी वटहुकूम, मग कायदा काढून ताब्यात घेतली. कारण काय? गैरकारभार आणि हेळसांड. कामगारांची निष्ठा नव्हे!

टॉवेलवाला: अर्धंच सांगता. पुढं एका भागधारकानं सुप्रीम कोर्टात तोच कायदा पाडला. आणि युनियनवाल्यांनी मिल चालू दिल्या होत्या का?

पूर्वभाग: कायदा पडला तो मालमत्तेच्या हक्कावर. कारभार चांगला होता असं कोर्ट म्हणालं नाही. आमच्या आजीनं त्या दिवसांत विड्या वळून घर चालवलं, युनियनचं मला शिकवू नका.

टॉवेलवाला: आजीला मध्ये आणलं की आमचं तोंड बंद!

लष्करकर: कोर्टकचेरी पुरे बे. 4 महिन्यांच्या पीएफचं बोला.

टॉवेलवाला: बरं, चुकलं त्या मालकाचं. पगार लांबणार हे आधी सांगायला हवं होतं. पण लोकांना बोलावून पेढे तरी दिले ना?

जुळे_सोलापूरकर: दिले की. खर्च 'कर्मचारी कल्याण' खात्यात टाकायला लावला. व्हाउचर मीच केलं.